वसंताच्या तोंडावर साताऱ्याच्या पेठेत: सकाळची फोटोफेरी कशी करावी

माघ सरत आला की साताऱ्यात सकाळी सातला स्वेटर लागतो आणि नऊला तो कमरेला बांधावा लागतो. पेठेत पायी फिरून फोटो काढायचे तर हेच दिवस. महाशिवरात्र ते गुढीपाडवा, जेमतेम महिनाभर. एका झाडाची पानं गळत असतात, शेजारच्याला पालवी फुटत असते, तिसरं नुसत्या फुलांवर उभं असतं. पाडव्यानंतर उजेड पांढरा पडतो आणि साडेआठलाच डोळे बारीक करावे लागतात.

या फेरीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कॅमेरा नाही. गल्ली कोणत्या दिशेनं जाते ते आधी पाहा आणि त्यावरून तिथं किती वाजता उभं राहायचं ते ठरवा. बाकी सगळं त्यानंतर.

कुठं आणि किती

राजवाड्याची गोलबाग, तिथून मंगळवार तळं, मग व्यंकटपुरा किंवा चिमणपुरा पेठेच्या गल्ल्या, शेवटी समर्थ मंदिराचा परिसर. एवढंच पुरे. सगळं मिळून चालणं दोनेक किलोमीटरचं आणि वेळ दोन तासांचा. संध्याकाळी राजवाड्यासमोर गाड्यांची आणि माणसांची दाटी असते, म्हणून फेरी सकाळचीच ठेवा. रविवार उत्तम, कारण रिक्षा आणि शाळेच्या गाड्या नसतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यांची नेहमीची चूक म्हणजे फार चालणं. पोवई नाक्यापासून अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या चारभिंतीपर्यंत सगळं एका सकाळी उरकायचं ठरवलं की हातात शंभर फोटो येतात आणि एकही नीट पाहून काढलेला नसतो. एक गल्ली निवडा. तीतून सव्वासातला जा, आठला जा, पुन्हा पावणेनऊला जा. तेच दार तिन्ही वेळा वेगळं दिसतं. चारभिंतीवर चढून अख्खं शहर टिपायचं असेल तर त्यासाठी वेगळा दिवस काढा.

उजेडाचं वेळापत्रक

साताऱ्यात १५ फेब्रुवारीला सूर्य साधारण ७ वाजून २ मिनिटांनी उगवतो, १ मार्चला ६:५३ च्या सुमारास आणि २० मार्चला ६:३८ च्या आसपास. मात्र पूर्वेकडचे डोंगर, सकाळचं धुरकट आणि घरांच्या ओळी यांमुळे गल्लीत प्रत्यक्ष ऊन यायला आणखी वीसेक मिनिटं जातात. ती वाया घालवू नका. तळ्याचं पाणी तेव्हाच सगळ्यात स्थिर असतं.

आता दिशा. मार्चच्या सुरुवातीला सूर्य जवळजवळ पूर्वेलाच, किंचित दक्षिणेकडे सरकून उगवतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम गल्लीत सव्वासात ते पावणेआठ या वेळात ऊन थेट गल्लीच्या तोंडातून आत येतं. अशा गल्लीत उत्तरेकडच्या ओळीतली घरं दक्षिणेला तोंड करून असतात. त्यांच्या भिंतींवर ऊन समोरून पडत नाही, घासून जातं. घडीव दगडावरच्या टाकीच्या खुणा, सागवानी दाराची नक्षी, कडी-कोयंड्याची सावली, भिंतीचे पोपडे, सगळं या घासत्या उन्हात उठून येतं. समोरची ओळ पूर्ण सावलीत असते.

अजिंक्यतारा किल्ल्याकडे चढत जाणाऱ्या दक्षिणोत्तर गल्ल्यांचं गणित वेगळं. समजा गल्ली ४ मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना ७ मीटर उंचीची दुमजली घरं आहेत. १ मार्चला सकाळी आठला सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर असतो, म्हणजे पश्चिमेकडच्या ओळीवर ऊन वरून फक्त एक मीटरभर उतरलेलं असतं, वळचण आणि कौलांची कड एवढंच. साडेआठला ते पावणेदोन मीटर खाली येतं आणि माडीच्या खिडक्या उजळतात. नऊला सव्वादोन मीटर. दहाला सूर्य ४२ अंशांपर्यंत चढतो आणि ऊन चार मीटर उतरून तळमजल्याच्या दारांपर्यंत पोचतं, पण तोपर्यंत ते कडक झालेलं असतं. म्हणून अशा गल्लीत साडेआठ ते सव्वानऊ ही वेळ ठेवा आणि नजर वर ठेवा: सज्जा, गजांची खिडकी, वाळत घातलेलं लुगडं. खालचा भाग सावलीतच राहू द्या.

आदल्या रात्रीची तयारी

फोन पूर्ण चार्ज आणि पाच-सहा जीबी जागा मोकळी. कॅमेरा असेल तर ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच लेन्स. गल्लीत उभं राहून लेन्स बदलत बसलं की आत धूळ जाते आणि समोरचा प्रसंगही जातो. जुना सुती रुमाल, पाण्याची बाटली, रबरी तळाचे बूट. पोलरायझर, म्हणजे लेन्सवर बसवायची फिरती काच, असेल तर घ्या. पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी तो कापतो, पण दीड-दोन स्टॉप उजेडही खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक वाढवला म्हणजे दुप्पट), म्हणून ऊन वर येईपर्यंत तो खिशातच बरा. ट्रायपॉड नको. अरुंद गल्लीत तो वाट अडवतो आणि लोकांना वाटतं मोजणीवाले आले.

कॅमेऱ्याची आणि फोनची मांडणी

कॅमेऱ्यावर अॅपर्चर प्रायॉरिटी (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), एफ ५.६. ऑटो आयएसओ (उजेडाला संवेदनशीलता), कमाल मर्यादा १६००. शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका. फांदीवर पक्षी असेल तर १/५०० किंवा त्याहून वेगवान. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेची मांडणी) ऑटोवर ठेवलात तर सकाळचा पिवळेपणा कॅमेरा स्वतःच धुऊन काढतो. तो ‘ऊन’ या खुणेवर किंवा ५२०० केल्व्हिनवर पक्का करा. रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढत असाल तर नंतर बदलता येतं, पण जागेवरच्या पडद्यावर खरा रंग दिसला तर पुढचे निर्णय बरोबर पडतात.

फोनवाल्यांनी निघण्याआधी लेन्स पुसावी. खिशातला तेलकट डाग समोरच्या उन्हात पांढऱ्या धुक्यासारखा पसरतो आणि दोष सूर्याला दिला जातो. पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा, म्हणजे ग्रिड, सुरू करा. फोटो घेताना विषयावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं माप) तिथंच अडकेल, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. हे फार आवश्यक आहे. फोनचा एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो एकत्र करणारी सोय) सावल्या उचलून सगळं सारखं उजळ करतो, आणि सव्वासातला ज्या घासत्या उन्हासाठी उठून आलात तेच पुसून टाकतो. शक्य असेल तर एचडीआर बंदच करा. डिजिटल झूमही नको. दोन पावलं पुढं जा.

उजेडाच्या मोजमापाचे दोन सापळे पेठेत वारंवार भेटतात. काळ्या दगडाच्या जोत्यानं फ्रेम भरली की कॅमेरा तो करडा करू पाहतो आणि आकाश पार पांढरं होतं. तिथं पाऊण ते एक स्टॉप कमी करा. उलट चुन्याची पांढरी भिंत तो मळकट करतो; तिथं पाऊण ते एक स्टॉप वाढवा.

झाडं: कोणतं, कधी, कसं

पांगारा आधी शोधा. परसाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, कुंपणात त्याचं काटेरी, निष्पर्ण झाड फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल तुऱ्यांनी भरतं. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर आणि खारी मधासाठी सकाळभर तिथंच असतात. पण पांगाऱ्याचा फोटो बिघडतो तो त्याच्या लाल रंगानंच. कॅमेऱ्याचा लाल चॅनल आधी भरून वाहतो, आणि एकूण उजेड बरोबर दिसत असतानाही फूल म्हणजे घडी-शीर नसलेला लाल डाग होऊन बसतं. पाऊण ते सव्वा स्टॉप कमी करा. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दिसत असेल तर लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला नसावा. मग फुलाची रचना दिसू लागते: एक मोठी पाकळी तलवारीच्या पात्यासारखी वाकलेली, तिच्या कुशीतून बाहेर आलेले पुंकेसर, आणि तुऱ्याच्या टोकाला न उमललेल्या, गडद, मखमली कळ्या.

पार्श्वभूमीचा प्रश्न साताऱ्यात सुटलेलाच आहे. अजिंक्यतारा शहराच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्याला दिसणारी त्याची बाजू उत्तरेची. या दिवसांत ती सकाळी बराच वेळ सावलीत, निळसर राहते. उन्हातला पांगारा आणि मागं सावलीतला किल्ला अशी जागा सापडली की आकाश फ्रेममध्ये घेऊच नका. फिक्या आकाशापुढं लाल फूल काळपट दिसतं, निळ्या डोंगरापुढं ते पेटतं.

पिंपळाची पालवी हा दुसरा विषय, आणि कदाचित सगळ्यात चांगला. कोवळं पान तांबूस-गुलाबी, जवळजवळ पारदर्शक असतं. आठ-दहा दिवसांत ते हिरवं होतं. सगळे पिंपळ एकदम फुटत नाहीत, त्यामुळे एका पारावरचा हुकला तर पुढच्या पारावरचा मिळतो. पान उन्हाच्या आणि तुमच्या मध्ये आलं पाहिजे, आणि त्याच्या मागं सावलीतली भिंत किंवा काळा बुंधा. सूर्य स्वतः फ्रेममध्ये नको. लेन्सवर तळहाताची सावली धरा. उजेड पाऊण स्टॉप कमी. पान इतकं हलकं असतं की वारा नाही असं वाटतानाही ते थरथरतं, म्हणून शटर १/२५० किंवा जास्त, आणि एका पानाचे पाच-सहा फोटो. नऊनंतर वारा सुटला की हा विषय सोडून द्या. फोनवर जवळून काढताना आणखी एक घोळ होतो: अनेक फोन आपोआप मॅक्रोवर (अगदी जवळून काढण्याच्या सोयीवर) जाऊन अतिरुंद लेन्स वापरतात, त्यात पानाच्या कडा मऊ पडतात आणि मागचा पसारा आत येतो. मॅक्रो बंद करा, साधारण फूटभर मागं सरा आणि दोनपट लेन्सनं काढा.

काटेसावरीची जाड, मांसल फुलं झाडावर उंच असतात. तिकडं मान मोडत बसू नका. गळून पडलेली फुलं सकाळी फरशीवर ताजी मिळतात, झाडणाऱ्यांच्या आधी पोचलात तर. करंजाची नवी पानं मार्चमध्ये तेलकट चकाकतात, पोलरायझर इथं लावा. देवळाच्या आवारातला देवचाफा या दिवसांत बहुधा निष्पर्ण असतो. त्याच्या बोथट फांद्या चुन्याच्या भिंतीपुढं नुसत्या रेषा म्हणून घ्या. डोंगर-उतारावर फिकट गुलाबी धुकं दिसलं तर ते गिरिपुष्प. पळस पाहायचा तर पेठेत नको, यवतेश्वरच्या बाजूला जा. गुलमोहर आणि बहावा अजून लांब आहेत, त्यांची वाट पाहू नका.

पांगाऱ्याखाली मधमाश्या असतात. अत्तर लावून जाऊ नका, फांदी हलवून फुलं पाडू नका.

भिंती, उतार आणि तारा

किल्ल्याकडच्या गल्ल्या चढाच्या आहेत, आणि चढावर सगळ्यांची पातळी चुकते. डोळा रस्त्याला आडवा धरतो, फोटोत घरं कलंडतात. रस्ता विसरा आणि दाराची चौकट फ्रेमच्या उभ्या कडेशी समांतर धरा. चौकट सरळ आली की चढ खरा चढ दिसतो. उंच वाडा बसत नाही म्हणून फोन वर कलवला की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. त्यापेक्षा मागं सरा, नाही जमलं तर वाड्याचा अर्धाच भाग घ्या. दिंडी दरवाजा, त्यातली कडी, बाजूचा कोनाडा आणि त्यातली काजळी यांत अख्ख्या वाड्याची गोष्ट येते.

विजेच्या आणि केबलच्या तारा सगळीकडं आहेत. त्या नंतर पुसू म्हणून काढू नका, पुसलेलं कळतं. विषयाच्या जवळ गेलात की तारा फ्रेमच्या वर राहतात. दोन पावलं डावी-उजवीकडं सरकलात की तारेची रेघ कौलांच्या कडेमागं लपते. काही केल्या हटेना तर तिलाच फोटोची रेघ करा. दारासमोरच्या दुचाकीचंही तेच. मालकाला गाडी हलवायला लावणं शोभत नाही. तासाभरानं तो कामाला जातो, तेव्हा परत या.

मंगळवार तळ्यावर दगडी काठ आणि पाण्यातलं प्रतिबिंब एकाच फोटोत हवं असेल तर एक्स्पोजर आकाशावर नाही, प्रतिबिंबावर धरा, मग किंचित कमी करा. प्रतिबिंब वरच्या खऱ्या दृश्यापेक्षा नेहमी गडद येतं, तो दोष नाही. काठाच्या ओल्या दगडांवर शेवाळ असतं. फ्रेम बघत मागं पाऊल टाकू नका.

होळीनंतर गच्च्यांवर वाळवण सुरू होतं. पांढऱ्या धोतरावर कुरडया, पापड, सांडगे. विचारून वर जाता आलं तर सरळ वरून काढू नका. नऊच्या तिरप्या उन्हात बाजूनं, खाली वाकून काढा, कुरडईच्या जाळीची सावली कापडावर पडते ती हवी. तुमची सावली वाळवणावर पडली तर फोटोही जातो आणि काकूंचा विश्वासही.

माणसं

शांत पेठेत अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन फिरतो हे पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना कळलेलं असतं. म्हणून लपून काढण्यात अर्थ नाही आणि ते बरंही नाही. ओट्यावर बसलेल्या आजींना आधी नमस्कार करा. ‘आजी, दाराचा फोटो काढू का?’ असं विचारलं की बहुतेक वेळा ‘काढ की, त्यात काय इचारायचं?’ हेच उत्तर येतं. माणसाचा काढायचा असेल तर तसं स्पष्ट विचारा. ‘नको’ आलं तर फोन खाली, पुन्हा विनवणी नाही. चुकून काढला गेला असेल तर त्यांच्यासमोर पुसा.

लहान मुलांचे फोटो घरच्या मोठ्यांना विचारल्याशिवाय काढू नका. दार उघडं आहे म्हणून चौकातलं, स्वयंपाकघरातलं टिपू नका. पाणी भरणाऱ्या, अंगण झाडणाऱ्या बायकांवर लांबून झूम लावणं हे तर पूर्ण टाळा. देवळात गाभाऱ्याचा फोटो पुजाऱ्यांना विचारूनच, फ्लॅश कधीच नाही. आणि ज्यांचा फोटो काढलात त्यांना तो द्या. बहुतेकांच्या घरात कुणाकडं तरी व्हॉट्सअॅप असतं. नसेल तर प्रिंट काढून पुढच्या फेरीला घेऊन जा.

गल्लीतली कुत्री अनोळखी माणसावर भुंकतात. पळू नका, डोळ्याला डोळा लावू नका, कॅमेऱ्याची पिशवी अंगाजवळ धरून त्याच चालीनं पुढं जा. किल्ल्याच्या पायथ्याकडं माकडं असतील तर खाण्याची पिशवी हातात दिसू देऊ नका.

कुठं पालापाचोळा पेटवलेला असेल तर धुरातून उन्हाचे पट्टे दिसतात आणि मोह होतो. दोन मिनिटांत काढा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला व्हा. राख लेन्सवर बसली तर रुमालानं घासू नका, आधी फुंकून उडवा, नाहीतर काचेवर ओरखडे पडतात.

घरी आल्यावर

सव्वानऊ-साडेनऊला थांबा. पुढचे फोटो बहुधा टाकावे लागतात.

त्याच दिवशी निवड करू नका. दुसऱ्या दिवशी बसा, साठातून आठ-दहा ठेवा. एकाच दाराचे तीन वेळचे तीन फोटो शेजारी लावून पाहा. कोणत्या गल्लीला कोणती वेळ मानवते हे तिथं कळतं, आणि ते वहीत लिहून ठेवा. सुधारणा थोड्याच: उभ्या रेषा सरळ करणं, हायलाइट (फार उजळ भाग) उतरवणं, पांगाऱ्याच्या लालचा उजेड थोडा कमी करणं. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवू नका. कोवळ्या पिंपळाचा तांबूस रंग त्यात नारिंगी होतो आणि पालवी प्लॅस्टिकची वाटू लागते.

प्रत्येक फोटोखाली पेठ, तारीख, वेळ आणि झाडाचं नाव लिहा. ‘व्यंकटपुरा पेठ, १ मार्च, सकाळी ८:३५, पिंपळाची पहिली पालवी’ एवढं पुरतं. जुन्या इमारतीचा फोटो असेल तर तिच्याबद्दल खात्रीची एक ओळ घाला. राजवाड्याचा फोटो कुणीही काढतं, पण तेव्हा तिथं भरणाऱ्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव दाखल झालं हे खाली लिहिलं की पाहणारा थांबून पुन्हा फोटो बघतो. तारखेचा उपयोग पुढच्या वर्षी होतो: तोच पिंपळ आठवडाभर आधी फुटला की उशिरा, हे तुमच्याच फोटोंवरून सांगता येतं.

कुणाचं घर, अंगण किंवा मुलं दिसत असतील तर फोटो पाठवण्याआधी त्यातलं लोकेशन काढून टाका. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ते निघायच्या आधीच बंद करता येतं. मग पेठेचं नाव हातानं लिहा, घराचा पत्ता नको.